मडक्यातलं खरेदीखत

एखाद्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं की आमच्या इंदापूर तालुक्यात एक जुनं गाव वर येतं. पळसदेव. आधी पळसनाथाच्या देवळाचं शिखर दिसतं, मग दगडी सभामंडप, मग आजूबाजूचे पडके चौथरे. गाळ वाळून भेगाळला की माणसं चालत देवळापर्यंत जातात. अशाच एका दुष्काळी वर्षी मी आजीला घेऊन गेलो होतो. आमचं घर पळसदेवातलं नव्हे, पण त्याच पाण्याखाली गेलेल्या शिवारातलं. आजीनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ अंदाज घेतला, काठी टेकत टेकत गाळातून चालत गेली आणि एका जागी मटकन खाली बसली. हातात एक खापराचा तुकडा घेतला, पदरानं पुसला. म्हणाली, ‘‘हितं चूल व्हती.’’

धरणाचं काम १९६९ साली सुरू झालं, १९८० साली पूर्ण झालं. त्या अकरा वर्षांत आमच्याकडच्या बायका-पोरांच्या तोंडी एक सरकारी शब्द पक्का बसला, पुनर्वसन. नवं गावठाण, नवे प्लॉट, नवी शाळा. आजी त्या शब्दाचा उच्चार ‘पुनरवसन’ असा करायची आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा खाली आणायची. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत बुडालेल्या शेताचा सातबारा होता. घड्यांवर विरलेला. मोबदला कधीच मिळून संपला होता. वडील एकदा म्हणाले, आता या कागदाचा काय उपयोग? आजी म्हणाली, ‘‘जमीन कुठं गेलीया? पानी वर आलंय, एवढंच.’’

पुढं बऱ्याच वर्षांनी बारामतीतल्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी मी मराठी बायबल चाळत होतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला बत्तिसावा अध्याय समोर आला आणि मला पहिल्यांदा आठवली ती आजीची ट्रंक. ज्यू लोक आपल्या भूमीत परत येतील, ही बायबलमधली भविष्यवाणी जगभर गाजलेली आहे. तिच्यावर व्याख्यानं होतात, पुस्तकं निघतात, राजकारण तर होतंच होतं. पण ती मुळात कशी लिहिली आहे, हे आपल्यासारख्या शेती करणाऱ्या माणसांनी वाचावं असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे. कारण तिची भाषा आपल्या ओळखीची आहे. ती चावडीची भाषा आहे.

प्रसंग असा. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराची गोष्ट. यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम, तिला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला. शहरात उपासमार. यिर्मया राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, कारण तो उघड सांगत फिरत होता की हे शहर पडणार, राजा पकडला जाणार. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला येतो. अनाथोथ गावचं माझं शेत विकत घे म्हणतो. घराण्यातली जमीन बाहेर जाऊ नये म्हणून ती सोडवून घेण्याचा पहिला हक्क जवळच्या भाऊबंदाचा, आणि तो हक्क यिर्मयाचा आहे. आता हे अनाथोथ यरुशलेमच्या अगदी जवळ. म्हणजे ते शेत त्या घडीला शत्रूच्या ताब्यात. घोडी बांधली असतील तिथं, तंबू ठोकले असतील. असं शेत कोण घेईल?

यिर्मया घेतो. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहिलं जातं, साक्षीदारांच्या सह्या होतात, मोहोर लागते. दोन प्रती होतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी. चौकात बसलेल्या सगळ्या लोकांदेखत तो हे कागद आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, मातीच्या मडक्यात घालून ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकले आणि घेतले जातील.

सगळी भविष्यवाणी एवढीच. आकाश फाटत नाही, तुतारी वाजत नाही. पुन्हा खरेदी-विक्री होईल, हा परतीचा शब्द. ज्याच्या घरात कधी दस्त नोंदवला गेला आहे त्याला हे लगेच कळतं. व्यवहार सुरू आहेत याचा अर्थ गाव जिवंत आहे.

याच यिर्मयानं काही वर्षं आधी, पहिल्या खेपेला बाबेलला धरून नेलेल्या आपल्या लोकांना एक पत्र पाठवलं होतं. त्यात अगदी उलट वाटणारी आज्ञा आहे. तिथं घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. सत्तर वर्षांनी परत आणीन. पुढं ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं. इराणचा राजा कुरुश यानं बाबेल जिंकून ५३८ च्या सुमारास ज्यूंना परतीची परवानगी दिली. काही परतले. पुष्कळ जण तिथंच राहिले, कारण त्यांनी पत्रातली आज्ञा मनापासून पाळली होती. तिथं रुजा आणि इथला कागद जपा, या दोन आज्ञा एकाच माणसाच्या तोंडच्या आहेत. या दोन्ही शब्दशः जगलेला समाज मला माझ्याच महाराष्ट्रात सापडला. त्यांच्याकडं जाण्याआधी वाटेत केडगाव लागतं, तिथं क्षणभर थांबायला हवं.

बारामतीहून पुण्याला रेल्वेनं निघालं की दौंडला गाडी वळते आणि थोड्याच वेळात केडगाव येतं. पंडिता रमाबाईंनी मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुण्याला आणि पुढं दुष्काळाच्या वर्षांत इथं आलं. मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुली आणि विधवा इथं राहिल्या, शिकल्या. संस्कृत ज्यांना मुखोद्गत होतं अशा रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आख्खं बायबल मूळ भाषांतून एकटीनं मराठीत आणायला बसल्या. जड संस्कृत शब्द टाळायचे, खेड्यातल्या बाईला वाचून कळलं पाहिजे, हा हट्ट. खिळे जुळवायच्या मुक्तीतल्या बायका, छापायच्याही त्याच. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतराचं काम पुरं झालं होतं. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. यिर्मयाचं मडकं, यहेज्केलाच्या खोऱ्यातली सुकी हाडं, यशयाचं फुलणारं वाळवंट, हे सगळं आमच्या शेजारच्या तालुक्यात, भीमेच्या अलीकडं, ज्यांचं स्वतःचं घरदार दुष्काळानं नेलं होतं अशा बायकांच्या बोटांतून एक एक खिळा होऊन गेलं आहे. या ओळी त्या बायकांनी कशा वाचल्या असतील, याचा विचार मनातून जात नाही.

यिर्मयाच्या दोन्ही आज्ञा जगलेला तो समाज म्हणजे बेने इस्रायल. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच मूठमाती दिली, अशी त्यांची परंपरेची गोष्ट. ही माणसं नक्की कधी आली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि मला त्या वादात फार रस नाही. धर्मग्रंथ समुद्रात गेले. राहिलं ते आठवणीत होतं तेवढं. शनिवारी काम बंद, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ‘शमा इस्रायल’ ही एकच प्रार्थना, जन्मापासून मरणापर्यंत सगळ्या प्रसंगांना तीच. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा थांबायचा म्हणून कोकणानं त्यांना नाव दिलं, शनवार तेली. गावांवरून आडनावं पडली: केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, तळकर. बायकांच्या अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, ओठांवर जात्यावरच्या ओव्यांच्या चालीतली गाणी. यिर्मयाचं पत्र त्यांच्याजवळ नव्हतं, तरी त्यातलं कलमन् कलम त्यांनी पाळलं. घरं बांधली, वाड्या लावल्या, गावाच्या भल्यात आपलं भलं पाहिलं. गावानंही त्यांना कधी हाकललं नाही. ज्यूंच्या जगभरच्या इतिहासात ही ओळ फार थोड्या ठिकाणी लिहिता येते, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत ती लिहिताना मला समाधान वाटतं.

मग परतीची आस त्यांच्यात जिवंत कशी राहिली? माझं उत्तर मलिद्याच्या ताटात आहे.

नवस फेडायचा असो, लग्न असो, मूल झालं असो, नवं घर घेतलं असो, बेने इस्रायलांच्या घरी मलिदा होतो. पातळ पोहे भिजवून त्यात गूळ किंवा साखर, किसलेलं ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा. मोठ्या ताटात त्याची रास, भोवती फळं आणि गुलाबाची फुलं. वडीलधारा माणूस प्रार्थना म्हणतो, सगळे एलियाहू हानावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं गीत गातात आणि प्रसादासारखा मलिदा वाटला जातो. पोहे-खोबरं आपल्या कोकणाचं, देव यरुशलेमचा. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका कातळावर घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. एलिया इथं उतरला होता आणि इथूनच रथातून वर गेला, अशी या समाजाची श्रद्धा. आजही माणसं तिथं जातात, इस्रायलहूनसुद्धा येतात.

हा एलियाच का? मोशे नाही, दावीद नाही, एलियाच. बायबलमधल्या संदेष्ट्यांचं शेवटचं पुस्तक मलाखीचं. ते संपताना देव सांगतो, तो मोठा दिवस येण्याआधी मी एलियाला पाठवीन, तो बापांची मनं लेकरांकडं आणि लेकरांची बापांकडं वळवील. म्हणजे सुटकेची, परतीची वर्दी देणारा तो. ग्रंथ हरवलेल्या, हिब्रू विसरलेल्या लोकांनी नेमका वर्दी देणाऱ्यालाच घट्ट धरून ठेवलं. भविष्यवाणीची अक्षरं बुडाली, पण तिचा जासूद कोकणातल्या कातळावर येऊन गेला, ही खूण त्यांनी शेकडो वर्षं दाखवली. आजीच्या ट्रंकेतला सातबारा आणि हा कातळ मला वेगळे वाटत नाहीत.

अक्षरं पुढं परत मिळाली, आणि तीही मराठीतून. १८२९ मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं मराठी व्याकरण काढलं. ही मुलं हिब्रू शिकून शेवटी ख्रिस्ताकडं येतील अशी मिशनऱ्यांची अपेक्षा. बेने इस्रायलांनी हिब्रू घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. मग त्यांचे स्वतःचे छापखान्याचे दिवस आले. वल्हांडण सणाच्या रात्री मिसरच्या दास्यातून सुटल्याची कथा ज्या पोथीतून वाचतात ती हग्गादा मुंबईत १८४६ साली मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ साली पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनिएल तळकर यांनी केलेली आवृत्ती छापली गेली, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात. तिच्यातलं एक चित्र मला फार आवडतं. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी लाटत आहेत. पोथीच्या शेवटी पुढचं वर्ष यरुशलेमात जावो ही इच्छा येते. एका अग्निहोत्र्याच्या छापखान्यातून ती इच्छा हिब्रू आणि मराठीत बाहेर पडली. पुण्यात तेव्हा एवढी जागा होती.

कीर्तनही आलं. १८८० च्या सुमाराला बेने इस्रायल कीर्तनकार उभे राहिले. पूर्वरंग, उत्तररंग, मागं साथ, विषय मात्र योसेफ, मोशे, एलिया. मोरोपंतांच्या बारामतीत वाढलेल्या माणसाला याचं वेगळं कौतुक वाटतं. आख्यान कुणाचंही असो, मराठीनं त्याला आपला पाट दिला.

आता १८९७. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावात जगातली पहिली झायनवादी परिषद भरली. ज्यूंनी आपल्या भूमीत स्वतःच्या हातांनी परत जायचं, हक्काचं घर उभं करायचं, हा तिचा ठराव. मुंबईच्या बेने इस्रायलांनाही आमंत्रण गेलं. त्यांनी नकार कळवला. कारण असं दिलं की आम्ही देवाच्या हाताची वाट पाहतो आहोत. तोच आम्हाला सियोनला, म्हणजे यरुशलेमला नेईल. हा नकार भित्रेपणाचा नव्हता आणि तो आळसही नव्हता. परत न्यायचं वचन ज्यानं दिलं, त्यानंच न्यावं, माणसानं घाई करू नये, असं मानणारे धर्मनिष्ठ ज्यू युरोपातही पुष्कळ होते, आजही आहेत. भविष्यवाणी म्हणजे कामाची यादी की वाट पाहण्याचं धैर्य, हा ज्यूंमधला जुना प्रश्न आहे आणि आमच्या कोकणच्या तेल्यांनी त्यात आपलं मत नोंदवून ठेवलं आहे.

पन्नास वर्षांत मत बदललं. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले. १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली. १९५० मध्ये जगातल्या कोणत्याही ज्यूला तिथं येऊन राहण्याचा हक्क देणारा कायदा झाला. इकडं इंग्रज गेले, ज्या रेल्वे, पोस्ट, कस्टम्सच्या नोकऱ्यांवर बेने इस्रायल कुटुंबं उभी होती त्यांचं पुढं काय होणार ही धास्ती होती. पण ज्यांनी निघायचं ठरवलं त्यांच्याशी बोलल्यावर, त्यांच्या आठवणी वाचल्यावर लक्षात येतं की नोकरी हे एकच कारण नव्हतं. छळ तर नव्हताच. शेकडो वर्षं रोज ज्या दिशेला तोंड करून प्रार्थना केली तिकडचं दार उघडलं होतं. बोटी भरून माणसं गेली, पुढं विमानं भरून. १९५१ साली भारतात ज्यू पंचवीस हजारांहून थोडे जास्त होते, २०११ च्या जनगणनेत पाच हजारांच्या आत आले. २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा घाणे बंद पडून पिढ्या लोटल्या होत्या. इस्रायलमध्ये बेने इस्रायलांची संख्या आता कित्येक पटींनी जास्त आहे.

तिथं गेल्यावर काय झालं हे आपल्याकडं फारसं सांगितलं जात नाही. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसांना बीरशेबा, दिमोना अशा वाळवंटी नव्या गावांत पाठवलं गेलं. भाषा परकी, काम अंगमेहनतीचं, वर्ण सावळा. काहींनी १९५१ मध्ये तेल अवीवला धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. शंभरहून अधिक माणसं १९५२ साली परत आली. आणि त्यातल्या अनेकांनी काही काळानं पुन्हा इस्रायलला जायची परवानगी मागितली. हे येणं-जाणं वाचून कुणी हसू नये. उजनीच्या पाण्यानं उठवलेली आमची माणसंही नव्या गावठाणातून कितीदा तरी उठून पाण्याच्या काठावर येऊन राहिली आहेत.

त्याहून मोठी जखम पुढं झाली. १९६२ च्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्माधिकाऱ्यांच्या मंडळानं सूचना काढली की बेने इस्रायलांची लग्नं लावताना आईकडून मागं मागं जाऊन कूळ तपासावं. शेकडो वर्षं ज्यांनी एका प्रार्थनेवर धर्म टिकवला त्यांनाच तुम्ही खरे ज्यू का, असा सवाल! कोकणात त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल कुटुंबं, बायका-मुलांसकट, यरुशलेममध्ये धरणं धरून बसली. शेवटी १७ ऑगस्ट १९६४ ला इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. सूचनेतून त्यांचं नाव वगळलं गेलं. घरी परत आलेल्याला घरच्याच उंबऱ्यावर ओळख पटवावी लागली.

आता ती माणसं तिथली झाली आहेत. अश्दोद, लोद, बीरशेबा इथं मराठी बोललं जातं, थोरांच्या घरी जास्त, नातवंडांच्या घरी कमी. नोह मस्सील यांच्या संपादनाखाली ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत आलं आहे. हैफाला कार्मेल डोंगरावर एलियाची गुहा आहे, तिथं जाऊन कोकणातल्यासारखा मलिदा करतात. म्हणजे खंडाळ्याच्या कातळावर ते कार्मेलच्या एलियाची आठवण काढायचे, आणि कार्मेलच्या गुहेत आता खंडाळ्याच्या पोह्या-खोबऱ्याची. पुण्यात रास्ता पेठेतलं १९२१ सालचं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग उभं आहे, पुण्यातल्याच लाल देवळापेक्षा, म्हणजे दुसऱ्या सिनेगॉगपेक्षा, कितीतरी साधं. त्या रस्त्यावरून जाताना मी दर वेळी थांबतो. आत चार माणसं असतील, दहा असतील. राबता मात्र अजून आहे.

आमच्या बारामती-इंदापुरात इस्रायल हा शब्द वेगळ्याच वाटेनं आला. इथं इस्रायल म्हणजे ठिबक. १९६५ मध्ये बीरशेबाजवळच्या हत्झेरिम किबुत्झवर ठिबक सिंचनाचा कारखाना सुरू झाला आणि पुढं त्या काळ्या नळ्या आमच्या द्राक्षांत, डाळिंबांत, उसात पसरल्या. शेतकरी अभ्यास दौऱ्यावर जाऊन येतात आणि गावात फोटो दाखवतात: वाळूत टोमॅटो, वाळूत खजूर. यशयानं वाळवंट फुलेल म्हटलं होतं हे त्यांना ठाऊक नसतं, ठाऊक असायची गरजही नाही. पण बायबल आणि पाणी यांची गाठ आमच्याकडं आधीच पडलेली आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या चर्चेस ऑफ क्राइस्टच्या मिशनऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत काम सुरू केलं. साठीच्या दशकातल्या दुष्काळात ख्रिस्ती मदत संस्थेच्या धान्यावर, कामाच्या बदल्यात गहू आणि तेल देऊन, इथल्या जिरायती गावांत पाझर तलाव खोदले गेले. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची मुळं त्या खोदाईत आहेत. कुदळ मारणारी बाई घरी गहू घेऊन गेली आणि पावसाळ्यात विहिरीला पाणी आलं. मला तरी हे वाचनातल्या कोणत्याही चमत्कारापेक्षा कमी वाटत नाही.

पण परत येणं म्हणजे गोष्टीचा शेवट नव्हे, हे बायबल स्वतःच सांगतं. नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेत वाचून दाखवावा असा आहे. बाबेलहून ज्यू परत येऊन जवळजवळ शंभर वर्षं झाली आहेत. नहेम्याच्या देखरेखीखाली यरुशलेमचा तट बांधण्याचं काम चालू आहे आणि बायका-माणसं आरडाओरडा करत येतात. दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली. राजाचा सारा भरायला कर्ज काढलं. आता पोटची पोरं दास म्हणून द्यावी लागतात, आणि घेणारे परके नाहीत, आमचेच भाऊ आहेत. म्हणजे भविष्यवाणी पुरी झाली, भूमी मिळाली, आणि भूमी पुन्हा सावकाराच्या घरात गेली!

हे वाचताना मला सुपे आठवलं. बारामती तालुक्यातलं सुपे, तेव्हाचा भीमथडी तालुका. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली आणि कर्जरोखे रस्त्यावर आणून जाळले. बहुतेक ठिकाणी त्यांना माणसं नको होती, कागद हवे होते. आग इंदापूर, पुरंदर, पलीकडं नगर जिल्ह्यात पसरली. चौकशी आयोग बसला, १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. नहेम्यानं काय केलं? त्यानं मोठी सभा भरवली, सावकारांना समोर उभं केलं आणि आजच्या आज शेतं, मळे, घरं आणि शेकडा एक व्याज परत करा म्हणून शपथ घ्यायला लावली. मग आपल्या अंगरख्याचा घोळ झटकून दाखवला: जो शब्द पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाकेल. यिर्मयाचा एक कागद मडक्यात जपायचा होता, सुप्याचे कागद जाळायचे होते. दोन्ही जमिनीसाठीच.

आणि यहेज्केल. सुक्या हाडांच्या खोऱ्याचा त्याचा दृष्टांत सगळ्यांना माहीत असतो; हाडं जुळतात, स्नायू चढतात, श्वास येतो, इस्रायलचं घराणं उठून उभं राहतं. पण त्याच पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायापर्यंत फार थोडे जण जातात. तिथं मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघतं. हजार हात मोजले, पाणी घोट्याला. आणखी हजार, गुडघ्याला. आणखी हजार, कमरेला. मग पोहल्याशिवाय पार होत नाही अशी नदी. खारा समुद्र गोडा होतो, काठावर कोळी जाळी वाळत घालतात. उजनीच्या काठावर, भिगवणला, कुंभारगावला पहाटे भोई बांधवांच्या होड्या पाहिलेल्या माणसाला हा अध्याय चित्रासारखा दिसतो. पाणी आल्यावर लगेच जमिनीचं वाटप येतं. बारा वंशांना किती, सीमा कुठून कुठं. आणि मग एक कलम येतं, जे मी तीन वेळा वाचलं. तुमच्यात राहणारे जे परके आहेत, ज्यांना तुमच्यात मुलंबाळं झाली आहेत, त्यांनाही तुमच्याबरोबर वतन द्या; ते तुम्हाला देशात जन्मलेल्यांसारखेच असावेत. ज्या वंशात परका राहत असेल त्याच वंशाच्या वाट्यात त्याचं वतन.

परतीच्या भविष्यवाणीतलं हे कलम आहे, बाहेरून कुणी जोडलेलं नाही. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घरादाराला मुकले. पुढच्या वर्षांत अरब देशांमधून तितकेच, किंबहुना जास्त ज्यू उखडले गेले. ७ ऑक्टोबर २०२३ ला इस्रायलमध्ये घराघरांत शिरून माणसं मारली गेली, ओलीस नेली गेली, आणि त्यानंतर गाझात जे झालं ते पाहताना टीव्ही बंद करावा लागत होता. या सगळ्याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण संदेष्ट्यांचे निम्मे शब्द घेऊन नकाशा काढायचा आणि उरलेले निम्मे मडक्यातच ठेवायचे, हे मला पटत नाही. आमोस संदेष्ट्यानं देवाचं वचन सांगितलं की मी या लोकांना त्यांच्या भूमीत लावीन, ते पुन्हा उपटले जाणार नाहीत, आणि त्याच आमोसानं गरिबाला एका जोड्यासाठी विकणाऱ्यांवर आगपाखड केली. लेवीय पुस्तकात तर देव स्पष्ट म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडं राहणारे उपरे आहात. आमच्याकडच्या भाषेत, सगळीच कुळं.

पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरांत, लेबनॉनच्या आणि जॉर्डनच्या छावण्यांत, १९४८ मधल्या घरांच्या लोखंडी किल्ल्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. बरोबर जमिनीचे जुने कागद, तुर्की अमलातले, इंग्रजी अमलातले. कापडात गुंडाळलेले, पत्र्याच्या डब्यात घातलेले. मी ते फोटोतच पाहिले आहेत. एका फोटोत एका म्हातारीनं कागद मांडीवर पसरला आहे आणि घडीच्या रेषेवर बोट ठेवलं आहे, तिथं अक्षर गेलं आहे म्हणून.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ट्रंक माझ्याकडं आली. दोन वर्षांपूर्वी घराची डागडुजी करताना तळाशी तो सातबारा निघाला, आणि त्याच्या घडीत ठेवलेला खापराचा तुकडा, त्या दिवशी गाळातून उचललेला. तिनं तो कमरेला खोचून आणला होता हे मला माहीत नव्हतं. भावानं विचारलं, हे ठेवायचं का? आम्ही शेजारच्या कुंभाराकडून झाकणाचं एक छोटं मडकं आणलं, कागद आणि खापर त्यात घातलं आणि माळ्यावर ठेवलं. धरण त्या आठवड्यात भरत आलं होतं. पळसनाथाचं शिखरही दिसत नव्हतं.